घरची शाळा

शाळेंत न जाणें म्हणजे न शिकणें, हें समीकरण आपल्या मनांत इतकें दृढ झालें आहे कीं, एखाद्या सुशिक्षित कुटुंबानें मुलांना घरींच शिकविण्याचें ठरविलें म्हणजे आप्तेष्टांना प्रथम काळजी वाटते आणि मागाहून चर्चेला ऊत येतो. माझ्या पुतण्याच्या पुण्यांतील घरीं असेंच घडलें. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी नऊ वर्षांची. दोन्ही मुलें शाळेंत जात नाहींत. वहिनींनीं मला निरोप धाडला, "भावोजी, तुम्ही तीस वर्षें मुलें शिकविलींत. एकदां येऊन पाहा आणि खरें काय तें सांगा." त्याप्रमाणें मी एक आठवडा तेथें राहिलों.

सकाळीं गणित व व्याकरण, दुपारीं वाचन आणि सायंकाळीं खेळ, असा त्या घरचा क्रम आहे. सोमवारीं सावंतवाडीची दशावतारी गंजिफा निघाली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, एकूण 120 पानें. राजा आणि प्रधान सर्वांत वरचे; त्यांच्या खालीं निम्म्या रंगांत दहा मोठा, तर निम्म्यांत एक्का मोठा. हें ध्यानांत ठेवण्यांतच बुद्धीला पुरेसा व्यायाम होतो. दिवसा ज्याच्या हातीं राम त्यानें प्रथम उतरावें, रात्रीं ज्याच्या हातीं कृष्ण त्यानें, असा संकेत आहे. दिवेलागण झाली होती. तेव्हां आतां राम कीं कृष्ण, असा वाद पेटला. मीं म्हटलें, "अशा वेळीं नरसिंहाला विचारावें, तो दिवसाही प्रकटला नाहीं आणि रात्रींही नाहीं." मुलें खूष झालीं. मग थोरल्यानें विचारलें, "पण आजोबा, हीं पानें आपल्याकडे आलीं कोठून?" सूनबाईनें बाबराच्या आत्मचरित्राचा अनुवाद पुढें ठेविला. 1527 सालीं बाबरानें सिंधमधील शहा हुसेनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्यांत आहे. नांव फारसी आणि चित्रें दशावताराचीं. हें मुलांनीं स्वतःच हेरलें.

बुधवारीं मोक्षपट मांडला. हा खेळ ज्ञानेश्वरांनीं रचला असें सांगतात, इतकें मीं म्हणतांच थोरल्यानें विचारलें, "कशावरून?"

वर्गांत साठ मुलें असतां हा प्रश्न गुरुजींना परवडत नाहीं. तास संपत आलेला असतो आणि धडा पुरा व्हावयाचा असतो. येथें वेळ होता. मीं दोघांना जवळ बसवून सांगितलें कीं, ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शक 1212 नोंदलेला आहे. त्यास पुरावा म्हणतात. पटाविषयीं आपण ऐकत आलों आहों, ती परंपरा. परंपरा खोटीच असते असें नाहीं, परंतु ती परंपरा म्हणूनच सांगावी. धाकटीनें 1212 मध्यें 78 मिळवून इसवी सन 1290 काढलें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळलीं आणि 1910 सालीं सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तें याच 'कशावरून'साठीं, हेंही मुलांना सांगितलें.

हें सर्व पाहून समाधान वाटलें; तथापि दोन गोष्टी स्पष्टपणें लिहिणें भाग आहे. पहिली कायद्याची आणि परीक्षेची. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेंत घालण्याचें कर्तव्य 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें पालकांवर ठेविलें आहे. घरच्या शिक्षणाची स्वतंत्र तरतूद त्यांत नाहीं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षें पुरीं झाल्यावर देतां येते. थोरल्यानें तिची तयारी आतांपासून केली पाहिजे. त्या परीक्षेंत नावडत्या विषयांनाही गुण असतात, आणि गंजिफेवर प्रश्न येत नाहींत.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या वेळापत्रकांत कोठेंच लिहिलेली नव्हती. सूनबाई पहाटे पांचाला उठते, स्वयंपाक उरकून शिकवावयास बसते आणि मुलें निजल्यावर दुसऱ्या दिवसाचे धडे काढते. तिनें यासाठीं नोकरी सोडली आहे. गुरुवारीं तिला ताप आला, आणि त्या दिवशीं शाळाही आजारी पडली! मीं म्हटलें, "वहिनी, मुलांची काळजी नको, त्यांच्या आईची करा." शुक्रवारपासून धाकटीचा परवचा वहिनी घेऊं लागल्या. रविवारचें गणित पुतण्यानें पत्करलें. मीही आतां आठवड्यांतून तीन सायंकाळीं दूरध्वनीवरून थोरल्याला संस्कृत शिकवितों.

घरची शाळा एकट्या आईच्या खांद्यावर फार दिवस टिकणें कठीण. एकत्र कुटुंबांत आजी, आजोबा, काका, आत्या असा अध्यापकवर्ग सिद्धच असतो. मात्र त्यांनीं उपदेश आटोपता घेऊन तास घेतला पाहिजे. मुलें शाळेंत जावोत वा न जावोत, आपल्याकडून त्यांना रोज एक तास मिळतो काय, हें प्रत्येक वडील माणसानें आपल्या मनाशीं पडताळून पाहावें.