बाप्याची भीती

आमच्या डहाणू-तलासरीकडे बाप्या माणसाने घाबरायचं नसतं. घरात साप निघाला तर त्यानेच पुढे व्हायचं, रात्री वाडीत डुक्कर शिरलं तर त्यानेच काठी घेऊन जायचं. पण नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलायला लागली आणि बाप्यांचीही झोप उडाली. धुंदलवाडी, हळदपाडा, सगळीकडे तेच. आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग पत्रे आणि भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ ला तर धक्क्यांमागून धक्के. त्या पळापळीत हळदपाड्याची एक लहानगी गेली. थंडीत लोक तंबूत झोपले.

आमच्या शेजारी एक निवृत्त फौजी राहतात. १९८७ साली शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत, जाफन्याकडे होते. आवाज झाला की ते खाटेखाली शिरायचे, "खाली पडा" म्हणून ओरडायचे. नाक्यावरची पोरं हसायची, "फौजी असून घाबरतो!" वहिनी मला म्हणाल्या, "हे भूकंपाचं नाय भाऊ. लंकेवरून आले तेव्हापासून दिवाळीत फटाके वाजले की हे जेवत नाय."

एकदा चिकू उतरवताना ते स्वतःच बोलले. "जमीन हलते तिची भीती नाय. आवाजाची आहे. तिथे रस्त्यात सुरुंग पेरलेले असायचे. पुढची गाडी उडाली. मी मागच्या गाडीत होतो." एवढं बोलून पाटी उचलून गेले.

ही गोष्ट नवी नाही. १९१४ च्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानंतर शिपाई थरथरायचे, कुणाची वाचा जायची. त्याला 'शेल शॉक' म्हणत. तरी काहींना भित्रे ठरवून गोळ्या घातल्या. पुढे १९८० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आघातानंतरच्या या त्रासाची आजार म्हणून नोंद केली.

दवाखान्याचं काढलं की फौजी म्हणायचे, "येडा म्हणतील लोक. पोराचं लग्न जमायचं आहे." मला वाटतं, हेच माणसाला खातं. गोळी लागून लंगडत आले असते तर गावाने हार घातला असता. जखम दिसत नाही, म्हणून हसायचं? तीस वर्षं तो आवाज पोटात ठेवून या माणसाने शेत केलं, पोरं शिकवली.

शेवटी वहिनीच त्यांना मुंबईला घेऊन गेल्या. गोळ्या चालू आहेत, थोडी झोप लागते. आता सरकारचा १४४१६ हा फुकट नंबरही आहे, मराठीत बोलता येतं.

परवा धक्का बसला तेव्हा त्यांनी नातवाचा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मलाबी भीती वाटते रे. चल, दोघं बाहेर जाऊ."