बत्तीस क्लिक

मुकुंदवाडीच्या सिग्नलला आई म्हणाली, "मला इथंच उतरव. मी रिक्षाने जाते."

आणि खरंच उतरली. मणक्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा क्रांती चौकाकडे जायचं असे. चिकलठाण्याहून मुकुंदवाडीपर्यंतची दहा मिनिटं तिला माझ्या गाडीत सोसवली नाहीत, आणि पुढचा रस्ता रिक्षात सोसवला. गाडीवेड्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. (हसा, हसा.)

गाडी म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस, 2017 ची, माझ्याकडे सेकंडहँड आलेली. इथूनच जालना रोडने पुढे गेलं की शेंद्रा, तिथल्या कारखान्यात जोडलेली, म्हणजे तशी गाववालीच. चार दरवाजे, डिकीत गव्हाची पोती मावतात, त्यामुळे तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की खरे शौकीन नाक मुरडतात. पण 230 पीएसचं इंजिन आहे, आणि वर्षातून एकदा तिला कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पळवायचं, एवढं एकच वेड मी लग्नानंतरही जपलं.

त्या वेडापायी अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन घेतलं. म्हणजे कॉइलओव्हर. नळीला बाहेरून आटे असतात, रिंग फिरवली की गाडी वर-खाली होते. शॉकअपच्या डोक्यावर एक घुंडी, तिला 32 क्लिक. रस्त्यावर मऊ, ट्रॅकवर कडक! एका गाडीत दोन गाड्या! मी स्वस्तातलं किट घेतलं, गाडी 40 मिमी खाली बसवली आणि आठवडाभर पार्किंगमध्ये जाऊन तिच्याकडे बघत बसलो.

मग ती मुकुंदवाडी.

मी घरी येऊन घुंडी शून्यावर आणली. सगळ्यात मऊ. आता गाडी डुचमळायला लागली, प्रत्येक गतिरोधकानंतर तीन-तीन हेलकावे. पुन्हा वाढवली, तर ठोकायला लागली. दोन रविवार हाच उद्योग.

बाबा ओट्यावरून बघत होते. ते वाळूजला शॉकअपच्या लाइनवर निवृत्त झाले (दुचाकीच्या, पण शॉकअप तो शॉकअप). शेवटी म्हणाले, "अरे, शॉकअप वजन पेलत नाही. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम एकच, स्प्रिंगला गप्प बसवायचं. तू भलत्यालाच दम देतोयस."

मग जाताजाता म्हणाले, "आणि तुझी आई तीन आठवडे फिजिओला गेलेली नाही. मला बरं वाटतंय म्हणते, ते खोटं आहे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही."

मी कामावर असताना ती रिक्षाने जाते, असं मी धरून चाललो होतो.

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. सोपं गणित आहे. एका चाकावर साधारण 350 किलो वजन धरलं आणि मिलिमीटरला 25 न्यूटनची स्प्रिंग धरली, तर गाडी सेकंदाला 1.3 वेळा वर-खाली डुलते. नेहमीच्या गाड्या याच्याच आसपास असतात. माझ्या किटची स्प्रिंग तिप्पट कडक, म्हणजे आकडा 2.3 च्या आसपास. हे निव्वळ रेसच्या गाडीचं काम. आणि बसलेल्या माणसाला उभे हादरे सगळ्यात जास्त जाणवतात ते सेकंदाला 4 ते 8 वेळा येणारे. कडक स्प्रिंग आणि आवळलेला शॉकअप नेमके तेच हादरे सीटपर्यंत पोचवतात. निरोगी पाठ ते गिळते. आईची कशी गिळणार?

उंचीचंही तसंच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1988 च्या नियमावलीप्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आपल्याकडे उंची पुरेपूर असते, रुंदी मात्र कंत्राटदाराच्या मर्जीवर. त्यात गाडी 40 मिमी खाली, म्हणजे शॉकअपला दबायला जागा कमी, आणि ती संपली की बंप स्टॉपवर ठोकर. वर पुढचे लोअर आर्म तिरके होऊन गाडी वळणात कमी नाही, उलट जास्त कलायला बघते. म्हणजे जे ट्रॅकसाठी केलं, ते ट्रॅकलाही धड नव्हतं.

मग दुसरा हिशेब मांडला, खरं तर तो आधी मांडायला हवा होता. कारी ट्रॅक सुमारे 2.1 किमीचा. दिवसभरात 40 फेऱ्या म्हणजे 84 किमी. तिथे जायचं ते याच गाडीने, बीड-सोलापूर-बंगळुरू करत, एका बाजूने बाराशे किमीच्या वर. त्यात वर्षभराचं गावातलं फिरणं मिळवलं, तर ट्रॅकचा वाटा शंभरातला एकसुद्धा भरेना. आणि मी सस्पेन्शन निवडलं होतं त्या एका भागासाठी.

दुसरं किट निवडताना म्हणून क्लिक मोजलेच नाहीत. जे घुंडीने बदलत नाही, तेच आधी बघितलं. स्प्रिंग मूळच्या दीडपट, जास्त नाही. उंची खालच्या आट्यांवरून बदलणारी, म्हणजे गाडी खाली घेताना स्प्रिंग आवळली जात नाही आणि शॉकअपची चालही कमी होत नाही. वरचे माउंट रबराचेच. आणि शॉकअप गळला तर उघडून दुरुस्त करणारा माणूस भारतात हवा. गाडी फक्त 15 मिमी खाली. मूळचं सगळं सामान तेल लावून माळ्यावर ठेवलंय, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल वाचला, की अशा बदलांबद्दल छाती फुगवून बोलावंसं वाटत नाही. पहिल्या किटचे पैसे गेले ते गेले.

कारीला गेलो तेव्हा पुढे सहा आणि मागे आठ क्लिक वाढवले. एकावेळी एकच बदल, दरवेळी वहीत नोंद (ही बाबांची अट). मागचं आवळल्यावर नाक वळणात जरा लवकर शिरायला लागलं. मी काही फार वेगवान झालो नाही. पण गाडी काय म्हणतेय ते पहिल्यांदा कळत होतं. घरी निघताना सगळे क्लिक मोजून मागे घेतले.

फिजिओ पुन्हा सुरू झालं होतं. परतल्यावर पहिल्याच मंगळवारी आईला घेऊन निघालो. मुकुंदवाडीचा सिग्नल गेला. ती खिडकीबाहेर बघत होती. सिडकोच्या पुढे आल्यावर म्हणाली, "रस्ता केला वाटतं नवीन."

मी हो म्हणालो.