नसलेली प्रतीक्षायादी

संपादकांनी पत्रातून 'स्वमग्न मुलांविषयी सर्वसामान्य वाचकाला समजेल असे काही' मागितले होते, आणि फराळाच्या ताटाशेजारी निदानशास्त्राचे जडजंबाल वाढू नये ही त्यांची सूचनाही मला मान्य होती. परंतु पत्र आले त्याच आठवड्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक मुलगा आला, आणि त्याच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेल्या कागदांनी माझा लेख भलत्याच वाटेला, म्हणजे सरकारी पैसा आणि त्यापायी वाया जाणारा काळ यांच्या वाटेला, लावला.

मुलाचे वय पावणेसहा वर्षांचे. त्याला पाणी हवे होते. पण त्याने ते मागितले नाही, बाटलीकडे बोट केले नाही, आईच्या तोंडाकडेही पाहिले नाही. त्याने तिचे मनगट धरले आणि पक्कड वापरावी तसा तिचा पंजा बाटलीच्या झाकणावर नेऊन ठेवला. आईने झाकण उघडले. दिवसातून कितीतरी वेळा हे घडत असल्यामुळे तिला त्यात वावगे असे काहीच वाटले नव्हते. आमच्या दृष्टीने मात्र त्या एका हालचालीत अर्धे निदान असते. सव्वा-दीड वर्षाचे मूल दोन प्रकारे बोट दाखवते : एक, वस्तू हवी म्हणून; आणि दुसरे, खिडकीतला कावळा आपल्याला दिसला तसा तो आईलाही दिसावा, एवढ्याचसाठी. या दुसऱ्या प्रकारात मूल कावळ्याकडे पाहते, मग आईच्या डोळ्यांकडे, मग पुन्हा कावळ्याकडे. यालाच आम्ही संयुक्त अवधान म्हणतो, आणि भाषेचा पाया बव्हंशी याच देवाणघेवाणीत घातला जातो. स्वमग्न मुलात हे दाखवणे उशिरा येते, तुरळक येते किंवा येतच नाही. म्हणूनच 'त्याचा बाप बी उशिराच बोलला होता' या आजीच्या आश्वासनावर विसंबून वर्षे घालवू नयेत, असे आम्ही कंठशोष करून सांगत असतो. (संपादकांची सूचना दुसऱ्याच परिच्छेदात मोडली, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.)

या कुटुंबाने मात्र वर्षे घालवली नव्हती. मूल अडीच वर्षांचे असतानाच अंगणवाडीत तपासणीसाठी आलेल्या पथकाने 'भाषाविकासात विलंब' असा शेरा मारून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले होते. ती चिठ्ठी मी उलटून पाहिली. मागच्या बाजूस वेगवेगळ्या शाईत तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेसमोर थोड्याफार फरकाने एकच मजकूर : 'वाचोपचारक पद रिक्त. पुढील महिन्यात येणे.' शेवटच्या ओळीतील 'येणे' हा शब्द तर अर्धवटच लिहिलेला होता. लिहिणाराही कंटाळला असावा.

ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली हे पथक गावी गेले तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झाला, हे फारसे कोणाच्या स्मरणात नसते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची गावोगाव जाऊन तपासणी करावी, जन्मजात दोष, पोषणातील उणिवा, रोग आणि विकासातील विलंब हुडकून काढावेत, आणि सापडलेल्या मुलाला जिल्हा रुग्णालयातील केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचोपचारक, भौतिकोपचारक, विशेष शिक्षक असे सारे एका छताखाली विनामूल्य मिळावेत, अशी ती तजवीज आहे. कागदावर ही योजना इतकी सुविचारित आहे की बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती समजावून सांगताना माझी मान ताठ होते. पण या जागा बहुधा कंत्राटी. कंत्राट मुदतीचे, वेतन बेताचे. आणि वाचोपचाराची पदवी घेतलेली मुलगी पुण्यात किंवा ठाण्यात खासगी केंद्रात रुजू झाली तर तिला दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. तेव्हा हुडकण्याचे यंत्र चालते आणि उपचाराची खोली कुलुपात राहते.

आता कोणी विचारील की अशी किती मुले रांगेत उभी आहेत? दफ्तराचे उत्तर असे की, एकही नाही. किती मुले तपासली, किती जणांत दोष आढळले, किती पुढे पाठवली, याचे रकाने दरमहा इमानेइतबारे भरले जातात. परंतु पाठवल्यापासून पहिला उपचार मिळेपर्यंत किती महिने लोटले, हा रकाना माझ्या पाहण्यातील एकाही तक्त्यात नाही. जी प्रतीक्षा मोजलीच जात नाही ती सरकारला कमी करावी लागत नाही, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच. प्रतीक्षायादी ही देण्याची कबुली असते. आपल्याकडे यादी नाही, कारण देणेच मान्य केलेले नाही.

कायदा पाहिला तरी हेच दिसते. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम जागा दिली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिची गणना केली. पण याच कायद्याचे २७ वे कलम पुनर्वसनाच्या सेवा सरकारने 'आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' द्याव्यात असे म्हणते, आणि ३१ वे कलम मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून देते. म्हणजे ज्या वयात मेंदूची घडण सर्वांत लवचीक असते त्या वयासाठी ठोस हक्क कोणताच नाही. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे विमाछत्र आहे, हे खरे. परंतु त्यातील थेरपीचा वाटा लहान, पैसे आधी आपल्या खिशातून घालून पावत्या मागाहून पाठवायच्या, आणि त्याही आधी दिव्यांगत्वाचा दाखला हवा. त्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलात हेलपाटे घालताना मजुरी किती बुडाली, याची पावती कोणी देत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅनडात, ओंटारिओ प्रांतात वाचोपचारक आहे. तिकडे प्रांतिक सरकार अशा मुलांच्या उपचारांना पैसा देते, आणि म्हणूनच तिकडे यादी आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत तेथील सरकारने २३ हजार मुलांची ती यादी संपवण्याचा चमत्कारिक उपाय काढला : उपलब्ध रक्कम वयाच्या आणि उत्पन्नाच्या हिशेबाने सर्वांत वाटून टाकायची, मग कोणाची गरज किती का असेना. पालकांनी विधानभवनासमोर एवढा गदारोळ केला की योजना मागे घेऊन नव्याने आखावी लागली. आणि पुढे नोंदवलेल्या मुलांची संख्या साठ हजारांपलीकडे गेली. विद्यार्थिनी फोनवर वैतागून म्हणाली, 'सर, इथेही काही वेगळं नाही.' मी तिला म्हटले, बाई, फार वेगळे आहे. तुमच्याकडे आकडा आहे, आणि आकड्यावर भांडता येते. हक्क मात्र तिकडेही निर्विवाद नाही. ब्रिटिश कोलंबियातील पालकांनी या उपचारांसाठी मांडलेला दावा खालच्या दोन न्यायालयांत जिंकला आणि २००४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गमावला.

येथे माझ्या एका आवडत्या भांडणाकडे वळल्यावाचून मला राहवत नाही. खासगी केंद्रांच्या माहितीपत्रकांत 'आठवड्याला ४० तास' हे शब्द ठळक छापलेले असतात, आणि त्यापायी शेत गहाण टाकलेली माणसे मी पाहिली आहेत. हे ४० तास आले कोठून? १९८७ साली लॉस एंजेलिस येथे लोवास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला : एकोणीस लहान मुलांना दोन किंवा अधिक वर्षे आठवड्याला ४० तास एकास एक शिक्षण दिले, आणि त्यांपैकी नऊ मुले सामान्य शाळेच्या पहिल्या इयत्तेतून पार पडली व त्यांचा बुद्ध्यंक सामान्य पातळीवर आला. निकाल दीपवणारा होता. परंतु मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, शिक्षक कितपत उपलब्ध आहेत यावरून झाली होती. आणि त्या पद्धतीत रागावणे व मांडीवर चापटी मारणे हेही समाविष्ट होते, जे आज कोणीही जबाबदार तज्ज्ञ करू धजणार नाही. एवढ्या एका अभ्यासावरचा आकडा अटलांटिक, न्यायालये आणि अनुदानाची दरपत्रके ओलांडून आपल्या तालुक्याच्या गावातील फलकावर येऊन बसला. (४० या संख्येचे आमच्या शास्त्राशी काय नाते आहे कोण जाणे : स्वमग्नतेच्या भारतीय मूल्यमापन-श्रेणीत विधाने ४०, आणि सवलतींसाठी दिव्यांगत्व लागते तेही किमान ४० टक्के.)

याच्या दुसऱ्या टोकाला गोव्याचा प्रयोग आहे. तेथे आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेला हा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना बारा बैठकींत मुलाचा कल ओळखून त्याच्या मागोमाग बोलायला शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. उभयतांचे सामायिक अवधान मात्र वाढण्याऐवजी घटले, आणि संशोधकांनी ते लपवले नाही. मला हा प्रयोग मनापासून आवडतो आणि त्याची मनापासून भीतीही वाटते. कारण 'आईच करील' हे वाक्य वित्त खात्याच्या कानी गेले की रिक्त पदे भरण्याची निकड संपते, आणि दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईच्या वेळेला किंमत नाही असे गृहीत धरले जाते.

मोबाइलमुळे स्वमग्नता होते काय, लसीमुळे होते काय, या मुलांत गणिताची अलौकिक प्रतिभा असते काय, हे प्रश्न मला व्याख्यानांत हटकून विचारले जातात. तिन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. लसीचा आरोप ज्या निबंधावर उभा होता तो तर प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. उपचाराला किती वाट पाहावी लागते, हे मात्र आजवर कोणत्याही श्रोत्याने विचारलेले नाही. आणि त्या वाट पाहण्याच्या काळातच मूळपेशींची इंजेक्शने विकणारे दलाल पालकांना गाठतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची या उपचाराला मान्यता नाही, हे पालकांना कळते तोवर लाखो रुपये गेलेले असतात.

त्या मुलाला आम्ही आमच्याकडे घेतले आहे. महिन्यातून दोनदा तो आईबरोबर मुक्कामी एस.टी.ने येतो. मधल्या काळात मी आरोग्य खात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे एक साधी मागणी घेऊन गेलो : प्रत्येक जिल्हा केंद्रात एक वही ठेवावी, तिच्यात मूल पाठवल्याची तारीख, पहिल्या उपचाराची तारीख, आणि दोहोंमधील महिने असे तीन रकाने असावेत, आणि ती वही दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावी. खर्च वहीपुरता. गृहस्थ सज्जन आहेत, खात्यातील उणिवा माझ्याहून अधिक जाणतात. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, अशी वही ठेवली तर अधिवेशनात तारांकित प्रश्न येईल हो.' तो यावा याचसाठी मी आलो आहे, असे मी म्हणताच त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.