इंजिनाला पाणी किती?

नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या मोहल्ल्यांत अनेक तरुणांचं दुकान दोन चाकांवर चालतं. मागे बांगड्यांची नाहीतर खारी-टोस्टची पेटी बांधायची, तळोद्याहून चांदसैली घाट चढायचा आणि धडगावचा बाजार करून अंधाराआधी घरी यायचं. अशा गाडीचं इंजिन कार्बन लवकर धरतं. ओझं जास्त, चढ उभा आणि वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत नेण्याची सवय. मग पिकअप जातो, चढावर इंजिन खडखडतं. मिस्त्री म्हणतो, हेड खोलावं लागेल. म्हणजे गॅस्केटचा खर्च आणि एक बाजार बुडाला.

अशा वेळी चालू इंजिनाला पाणी पाजून कार्बन काढायचा व्हिडिओ कुणालाही पटतो. माझ्या भाच्यानेही बाटली भरून ठेवली होती. ‘मामू, फुकटात काम होतंय.’ मी त्याला मिस्त्रीचाचांकडे घेऊन गेलो.

चाचांनी त्याला वेड्यात काढलं नाही. पाण्याने कार्बन निघतो, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. प्रवासी जीपचं हेड गॅस्केट फुटून रेडिएटरचं पाणी एका सिलिंडरमध्ये जाऊ लागलं, की हेड खोलल्यावर तीन पिस्टन काळेकुट्ट दिसतात आणि चौथा धुतल्यासारखा स्वच्छ. पाण्याची वाफ होताना ती साध्या दाबाला सुमारे 1,600 पट जागा घेते. तापलेल्या कार्बनच्या थरावर बारीक तुषार पडले की थर तडकतो आणि सायलेन्सरमधून बाहेर जातो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनांतही पाणी-मिथेनॉलचं मिश्रण सोडत. ते कार्बन काढायला नव्हे, तर पूर्ण जोर लावताना इंजिन ठोकू नये म्हणून. पण तिथे पाणी मोजून देणारी यंत्रणा होती. इथे भाच्याच्या हातात बाटली होती.

‘इंजन को पानी सुंघाना, पिलाना नहीं,’ चाचा म्हणाले.

हिशोब सोपा आहे. शंभर सीसीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 9:1 धरलं, तर पिस्टन अगदी वर आल्यावर वरची जागा उरते साडेबारा मिलिलिटर. म्हणजे चहाचे अडीच चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्याहून जास्त पाणी एका दमात आत गेलं, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हेडचा खर्च वाचवायला जावं आणि पूर्ण इंजिन उतरवावं लागावं, असा हा सौदा. पाणी रिंगांमधून खाली उतरलं तर ऑइलही दुधाळ होतं. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सुटलेल्या कार्बनचे तुकडे तिथे अडकू शकतात.

चाचांच्या तरुणपणी राजदूत, येझदी होत्या. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे, त्यामुळे हेड आणि सायलेन्सर खरवडणं हे ठरलेलं काम असे. फोर-स्ट्रोक गाडीत ते इतक्या वेळा लागत नाही. म्हणून तिच्यात कार्बन साचला, की चाचा आधी विचारतात, तो आला कुठून?

त्यांनी भाच्याच्या गाडीचा प्लग काढून त्याच्या तळहातावर ठेवला. कोरडी काजळी असली, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर धुळीने बंद झालाय. प्लग ओला, तेलकट काळा असला, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल जळतंय. तेव्हा कितीही कार्बन काढा, तो परत धरणार. भाच्याचा प्लग कोरडा निघाला. एअर फिल्टर झटकला तर घाटातली लाल माती पडली. चाचांनी फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर सेट केला आणि खालच्या गिअरमध्ये घाट चढायला सांगितलं. तरी खडखड थांबली नाही, तर बाजार नसेल त्या दिवशी हेड खोलू, असं ठरलं.

चाचा शाळेत चौथीपर्यंत गेले. व्हिडिओवाल्याला जे माहीत होतं, ते त्यांनाही माहीत होतं. पण वाकलेला रॉड त्यांनी हातात धरलेला आहे, आणि तो कुणाच्या घरची रोटी बंद करतो हेही पाहिलेलं आहे. व्हिडिओ जरूर बघा. बाटली उचलण्याआधी मात्र प्लग काढून एकदा आपल्या मिस्त्रीला दाखवा.