घाटाचे धनी

शिरपूर मागे पडलं की मुंबई-आग्रा रस्ता सातपुड्यात शिरतो. बिजासन घाट, सेंधवा, जुलवानिया, ठिकरी अशी गावं घेत तो खलघाटच्या पुलावर नर्मदा ओलांडतो आणि थोड्याच वेळात धामनोद येतं. धार जिल्ह्यातलं हे बाजाराचं गाव. मराठी प्रवासी इथे थांबतो तो चहापुरता. त्याला उजवीकडे महेश्वरला जायचं असतं, नाहीतर विंध्य चढून मांडूला. मी मात्र मुक्कामालाच धामनोद निवडलं. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला विंध्याची भिंत आणि मधे निमाडची सपाट पट्टी. या दोन्ही डोंगरांत भिल्ल, भिलाला, बारेला पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. धार जिल्ह्यात आजही निम्म्याहून जास्त लोक आदिवासी आहेत.

होळकर आणि पवारांच्या फौजा याच वाटांनी माळव्यात चढल्या. फौजांची नावं आपल्याला पाठ असतात. पण फौजा यायच्या आधीपासून हा घाट ज्यांचा होता, ते कसे राहत होते? मला ते समजून घ्यायचं होतं.

सुरुवात महेश्वरपासून केली. किल्ल्याच्या घाटावर उभं राहिलं की समोर नर्मदेच्या दक्षिण तीरावर नावडातोली दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात इथे उत्खनन केलं. नर्मदेच्या वाळूगोट्यांत अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं मिळाली. वरच्या टेकाडांत साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली: लाकडी खांबांची, कुडाच्या भिंतींची गोल आणि चौकोनी घरं, चुन्याने लिंपलेली जमीन, रंगीत नक्षीची मडकी, गहू आणि मसूर. या लोकांचं भिल्लांशी नेमकं नातं काय, हे मडकी सांगत नाहीत. पण नर्मदाकाठी राजे येण्याच्या कितीतरी आधी माणसं घरं बांधून, पेरणी करून, शिकार करून नांदत होती, एवढं ती ठामपणे सांगतात.

दुसऱ्या दिवशी घाटाखालच्या एका फळियावर गेलो. आपल्याकडे गाव म्हटलं की पांढरी आणि काळी वेगळी, घराला घर लागलेलं. इथे तसं नाही. प्रत्येक घर आपापल्या शेतात, टेकाडावर एकटं. हाक मारली तर शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकंच अंतर. अशा काही घरांची मिळून एक फळिया आणि अनेक फळियांचं मिळून गाव. मुलाचं लग्न झालं की तो वेगळं घर उभारतो. सागाचे खांब, बांबूचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं. आदल्या दिवशी नावडातोलीबद्दल जे आठवत होतो, ते इथे समोर उभं होतं.

घरधनी वयस्कर होते. त्यांनी अंगणात बाज टाकली. आत भिंतीवर धनुष्य टांगलेलं होतं. “बाबा, बघू का?” म्हणून विचारलं, तर त्यांनी ते काढून हातात दिलं. कामठी बांबूची आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. धातूचा कण नाही. बोरूच्या काडीच्या बाणांना मात्र लोखंडाची पाती आणि मागे पिसं. एका बाणाचं टोक बोथट लाकडाचं होतं. “हा पाखरासाठी, भाऊ,” ते म्हणाले. “पाखरू पडलं पाहिजे, फाटायला नको.”

मग बोलणं कामाकडे वळलं. शेतात एकट्याने होणार नाही असं काम निघालं की हलमा बोलावतात. सगळी फळिया येते, मजुरी कोणी घेत नाही, पोटभर जेवण होतं. लग्नकार्यात नोतरा असतो. बोलावलेला प्रत्येकजण ऐपतीप्रमाणे पैसे देतो, ते लक्षात ठेवले जातात आणि त्याच्या घरी कार्य निघालं की भर घालून परत जातात. नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला दापा देतात. मुलगी नांदली नाही तर दापा परत करून ती दुसरं घर करू शकते. भांडण झालं की पंच बसतात, भांजगड होते, चुकलेल्याला दंड पडतो आणि शेवटी दोन्ही पक्ष एकत्र खातात-पितात. गुन्हेगाराला डांबून ठेवण्यापेक्षा तुटलेलं नातं सांधण्यावर या न्यायाचा भर. गावाला तडवी किंवा पटेल असतो, दुखण्याबाहण्याला बडवा असतो, पण कोणाकडे फौज नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं वेचून वाळवली की पुढच्या तंगीत तीच पोटाला आधार.

खुद्द घाटावरही भिल्लांचा हक्क होता. डोंगरातून माल नेणाऱ्याने बैलामागे ठरलेला कर द्यायचा आणि भिल्लांनी वाट राखायची. या कराला भिलकवडी म्हणत. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. अहिल्याबाई होळकरांबद्दल तो लिहितो की त्यांनी लुटालूट करणाऱ्या भिल्लांना आधी सामोपचाराने, मग कडक शिक्षेने आवरलं, पण भिलकवडीचा हक्क मात्र मान्य ठेवला आणि त्याबदल्यात वाटेच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. महेश्वरच्या गादीवरून राज्य करणाऱ्या या बाईंना हे पुरतं उमगलं होतं की डोंगराला आपला कायदा आहे आणि तो मोडून रस्ता सुरक्षित होत नाही. अहिल्याबाईंची देवळं आणि घाट आपण भक्तीने पाहतो. या निर्णयाचंही तेवढंच मोल आहे.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या छायेखाली गेलं. त्याच वर्षी खानदेशही इंग्रजांकडे आला. मग हक्काचं नाव चोरी पडलं. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमने खानदेशात धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. पुढे माळव्यातही सरदारपूरला तशीच पलटण झाली. भिल्लांच्याच हाती बंदूक देऊन भिल्लांना वळण लावायचा हा उपाय. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये भीमा नाईकासोबत उठला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली. भीमा नाईक पुढे अंदमानात गेला. बंड मोडल्यावर १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी बाकीचं काम केलं. ज्या रानातून मोहाची फुलं यायची, त्या रानात शिरणं गुन्हा ठरलं.

अगदी हेच त्याआधी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला घडलं होतं. केपच्या कुरणांत खोईखोई लोक ऋतूप्रमाणे गुरं-मेंढ्या फिरवत. सान लोक शिकार आणि कंदमुळांवर जगत. कलहारीतल्या सानांमध्ये शिकारीचं मांस वाटण्याचा मान बाण ज्याच्या मालकीचा असेल त्याला मिळे. शिकारी एकमेकांना बाण देत-घेत असल्याने तो मान फिरत राही आणि कोणी एकटा मोठा होत नसे. नोतऱ्यामागचा विचार तोच आहे. १६५२ मध्ये डच कंपनी टेबल उपसागरात उतरली. कुरणांवरून १६५९ मध्ये युद्ध झालं आणि १६६० मध्ये डचांनी कडू बदामाचं कुंपण लावून खोईखोईंना त्यांच्याच गवतापासून तोडलं. त्या कुंपणाचा काही भाग केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात अजून उभा आहे. तिथे कुरण गेलं, इथे जंगल गेलं. दोन्हीकडे एकच समजूत होती की ज्याच्याकडे राजा नाही, त्याच्याकडे कायदा नाही आणि ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्याकडे जमीन नाही.

ही समजूत खोटी आहे, हे धामनोदजवळच्या एका फळियात बसलं तरी पटतं. हलमा आहे, नोतरा आहे, भांजगड आहे. राजा नसतानाही वाटणी, न्याय आणि मदत यांची सोय या लोकांनी लावली आणि ती शतकानुशतकं चालवली. २००६ च्या वनाधिकार कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं आपल्या प्रस्तावनेतच मान्य केलं आहे. आता आपण मराठी वाचकांनीही आपल्या इतिहासात दुरुस्ती करायला हवी. आपल्या पुस्तकांत भिल्ल येतात ते बंडापुरते, एखाद्या परिच्छेदात. त्यांचं गाव, त्यांचा न्याय, घाटावरचा त्यांचा हक्क हे सगळं त्या परिच्छेदाच्या आधी यायला हवं. महेश्वरला जाल तेव्हा धामनोदला एक दिवस थांबा आणि घाट चढताना हा रस्ता कोणी राखला, हे मुलांना सांगा.