पोटखराबा

मोजणी खात्याच्या कचेरीत ज्याची उमेदीची तीस वर्षे गेली, त्या माणसाला जमीन म्हटली की ती आडवी पसरलेलीच दिसते. शिवेच्या दगडापासून शिवेच्या दगडापर्यंत साखळी ताणावी, आणे मोजावेत, टिपणावर आकडे मांडावेत, आणि जिथे नांगर चालत नाही तो ओढा, तो कातळ, ती घळ ‘पोटखराबा’ या एका शब्दाखाली आकारणीतून वजा करून मोकळे व्हावे, असा आमचा रिवाज. अशा किती घळी मी आयुष्यात वजा केल्या याची रुजुवात आता होणे नाही. पण पेन्शनीत निघाल्यावर, एका फाल्गुनात, भाच्याच्या आग्रहाला मान देऊन मी साम्रदहून सांदण दरीत उतरलो, आणि ज्या जागेला नकाशावर आम्ही पेन्सिलीची एक बारीक रेघ देत होतो, त्या रेघेच्या पोटात शिरून अखंड एक दिवस चाललो.

साम्रद हे अकोले तालुक्याच्या पश्चिम काठावरचे गाव. एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला अलंग-मदन-कुलंगाचे त्रिकूट, पाठीशी भंडारदऱ्याचे पाणी, आणि पुढे, गाव संपले की थोड्याच अंतरावर, घाटमाथाच संपतो. गावाबाहेर पडावे, कारवीच्या वाळक्या काठ्यांतून पाऊण कोसही न चालावे, तोच पायाखालची सपाट भुई कुणी करवतीने कापावी तशी दुभंगलेली दिसते. कोकणातून आलेल्या माझ्या सौभाग्यवतीला ‘सांदणला जातो’ म्हणून सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे फणसाच्या रसातली वाफाळती सांदणे आली होती; मला मात्र हा शब्द सांद, सांदीकोपरा याच घराण्यातला असावा असे वाटते, कारण दोन भिंतींच्या मध्ये राहून गेलेली, कुणाच्याच वाट्याला न आलेली जागा, हेच तिचे खरे स्वरूप आहे. लांबी सुमारे दोन किलोमीटर. खोली कुठे दोनशे फूट, कुठे तीनशेच्याही वर. आणि रुंदी काही ठिकाणी इतकी अल्प की आमच्या तेहतीस फुटी, सोळा आण्यांच्या साखळीचे दोन आणेसुद्धा तिथे पसरता येऊ नयेत.

बरोबरचा वाटाड्या साम्रदचाच, महादेव कोळ्यांचा एक तरुण. आत शिरताना त्याने मला एकच नियम सांगितला. “सायेब, हितं दगडाला आधी इचारायचं, मंग पाय ठिवायचा.” स्वतः तो टाचेने दगडाला हलकेच एक ठोका देई, त्याचा आवाज ऐके आणि मगच त्यावर भार टाकी, जो दगड खणखणीत बोले तो विश्वासाचा, जो बद्द बोले तो दगाबाज. घळीचा सारा तळ अशा धोंड्यांनी भरलेला. नारळाएवढे, रांजणाएवढे, काही तर खोलीएवढे, आणि सगळे वरूनच कधी ना कधी खाली आलेले. मी पहिल्या अर्ध्या तासात दोन दगडांना विचारले, तिसऱ्याला विचारायचे राहिले. पाण्याच्या पहिल्याच डोहात, शेवाळाच्या एका हिरव्या पापुद्र्यावरून पाय सुटून, मी कमरेइतक्या पाण्यात असा काही बसलो की भाच्याला हसावे की धावावे हे कळेना. फाल्गुनातल्या भर दुपारी ते पाणी हाडे गोठवण्याइतके थंड होते, कारण दिवसाकाठी ऊन तिथे घटकाभरही उतरत नाही. त्या बैठकीत माझे मनगटी घड्याळ बंद पडले ते पडलेच.

बसल्या जागी मात्र एक लाभ झाला. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर भिंत होती, आणि ज्याला आपण काळा कुळकुळीत दगड म्हणतो तो इतक्या जवळून मुळीच काळा नव्हता. त्यात मसुराएवढ्या, वाटाण्याएवढ्या असंख्य पोकळ्या होत्या. काही रिकाम्या, काहींच्या आत पांढऱ्या स्फटिकांचे इवले झुबके, वाटीत साखर सांडावी तसे. त्या पोकळ्या म्हणजे बुडबुडे. ज्या क्षणी हा दगड रसरसता, वाहता होता, त्या क्षणी त्याच्या अंगातून सुटू पाहणारी वाफ आणि वायू वर येता येता वरचे कवच थिजले आणि तो श्वास तिथेच अडकला. पुढे शेकडो शतके झिरपणाऱ्या पाण्याने त्या रिकाम्या घरांत झिओलाइटचे स्फटिक आणून वसवले. आपल्या भाषेत न पुसणाऱ्या गोष्टीला काळ्या दगडावरची रेघ म्हणतात, आणि ती म्हण रचणाऱ्याच्या मनात दगडाइतके अचल काही नसावे. पण हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पाण्यासारखा वाहत होता, एका लोटावर दुसरा लोट थिजत होता, आणि असे थर चढता चढता दख्खनचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचा मुलूख त्याखाली गाडला गेला. मुंबई सरकारच्या चाकरीत आकडेवारी जमवीत हिंडणाऱ्या कर्नल साइक्स या लष्करी अंमलदाराने १८३३ साली या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव छापून दिले. ट्रॅप हा मुळात पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दाचा अवतार. रतनगडाच्या अंगावर दुरून दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या पाहिल्या की हे नाव किती समर्पक आहे ते कळते. मात्र पायऱ्या दुरून पाहणे वेगळे आणि जिन्याच्या आत, भिंतीच्या गाभ्यातून उतरणे वेगळे.

रस थिजताना आकसतो, आकसताना उभ्या भेगा पडतात. शिवाय खालून उसळणारा रस ज्या चिरांतून वर आला त्या चिराही पुढे उभ्या भिंतींसारख्या थिजून राहतात. सह्याद्रीतल्या कित्येक नळ्या अशाच एखाद्या दुबळ्या रेषेचा माग काढीत सरळ कोकणात उतरतात. रेषा दगडाने दिली, कोरणी पाण्याने केली. आणि हे पाणी चालते तेही उलट्या दिशेने: कड्यावरून पडते पश्चिमेला, पण कडा कुरतडत मागे सरते पूर्वेला, म्हणजे घळ आपल्या उगमाकडून दरवर्षी थोडी थोडी देशाचा मुलूख कोकणाच्या खात्यावर जमा करीत असते. पलीकडे रतनगडाच्या अंगावर पडलेला पावसाचा थेंब प्रवरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून पूर्व समुद्राला जातो. इथे सांदणीत पडलेला त्याचा जुळा भाऊ त्याच रात्री पश्चिम समुद्राच्या वाटेला लागतो. इतकी मोठी सरहद्द आणि तिच्यावर शिवेचा एक दगड नाही, याचे माझ्यातल्या जुन्या कारकुनाला फार वाईट वाटले.

पुढे घळ एकाएकी तुटते. चाळीसएक फुटांचा उभा कातळ. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, आणि म्हणूनच त्या चार महिन्यांत इथे माणसाने पाऊल टाकू नये. पोरांनी कातळातल्या बोल्टांना दोर बांधला, माझ्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले, आठच्या आकड्यासारख्या एका कडीतून दोर ओवला आणि मला सांगितले की आता पाठ दरीकडे करून मागे रेला. साठ वर्षे माणूस जे शिकलेला असतो त्याच्या हे नेमके विरुद्ध आहे. भीतीने शरीर कातळाला बिलगू पाहते, आणि बिलगले की पाय निसटतात. पोकळीवर भरवसा टाकून पाठ आडवी केली, तळवे भिंतीवर सपाट रोवले, तरच दगड धरून ठेवतो. पहिले दहा फूट मी देवाचे नाव घेतले. नंतर दोराची लय सापडली आणि नजर भिंतीवर स्थिरावली. बुडबुड्यांनी भरलेला पट्टा संपून घट्ट, निळसर, बिनछिद्री दगड सुरू झाला, त्याखाली पुन्हा बुडबुड्यांचा पट्टा. म्हणजे एका लोटाचा तळ ओलांडून मी त्याच्या आधीच्या लोटाच्या माथ्यावर आलो होतो. मधल्या त्या बोटभर सांध्यात किती काळ गेला असेल? घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत अशा सांध्याजवळ पुष्कळदा तांबड्या मातीची पट्टी दिसते, आणि माती व्हायला दगडाला निवांतपणा लागतो.

तरुणपणी बेलपाड्याहून नळीच्या वाटेने मी हरिश्चंद्रगड चढलो होतो. तिथे छातीवर कोकणकडा घेऊन, घसाऱ्यातून दोन पावले वर आणि एक खाली असे दिवसभर झगडताना, लक्ष सारे वरच्या खिंडीकडे होते. दगड हा केवळ पकड म्हणून दिसला. आपली डोंगराची ओढ बहुतेक गडांमुळे, आणि गड म्हणजे माथा, बुरूज, निशाण. त्यामुळे घळीला आपल्याकडे ना बखर ना पोवाडा. हल्ली शनिवार-रविवारी मात्र सांदणीत एवढी झुंबड असते, आणि काहींच्या पिशव्यांतून गाणी अशी किंचाळत असतात, की बखर नव्हती तेच बरे होते असे वाटावे.

संध्याकाळी घळीच्या तोंडाशी, जिथून डेहण्याकडची झाडी दिसते, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी करोली घाटाने परत माथा गाठायचा होता. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी झाली, विस्तव मंदावला, दोन काळ्या भिंतींच्या मध्ये चांदण्यांची एक अरुंद पट्टी राहिली. मध्यरात्रीच्या सुमारास आतून आवाज आला: आधी एकच टक्, मग घरंगळणे, मग दूरवर पाण्यात काही जड पडल्याचा बुळुक्क, आणि त्यामागून भिंतीभिंतींवर फिरत आलेला नाद. मी उठून बसलो. तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप मनगटाकडे गेला, कारण कुठलाही फेरफार झाला की आधी वेळ टिपायची. घड्याळात दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.

“काय रे, काय पडलं?” मी वाटाड्याला विचारले.

“दगड. पडतोच की येकादा,” तो म्हणाला आणि त्याने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.