आमचा डबा कोणता?

आमच्या शिरपुरात आगगाडी येत नाही. ती पाहावयास बहुतेक मुलांना वाशिमास जावे लागते. म्हणूनच की काय, तिच्याविषयी त्यांचे कुतूहल अंमळ अधिकच असते. गतवर्षी शाळेच्या प्रदर्शनाकरिता आठवीच्या वर्गाने पुठ्ठ्याची आगगाडी करावयाचे ठरविले आणि ते काम मजकडे आले.

पुण्यास कोथरूड भागात १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय मी पूर्वी पाहिले होते. जर्मनीत तर हा छंद फार जुना. तेथील मेर्क्लिन ही कंपनी १८५९ पासून खेळणी करीत आली आहे. या छंदात १:८७ हे प्रमाण विशेष रूढ आहे, त्यात २३.५ मीटरांचा डबा २७ सेंटिमीटरांचा होतो. परंतु तेथील छांदिष्ट केवळ मापावर संतुष्ट नसतात. इंजिनामागे त्या काळी जे डबे खरोखर लागत, तेच लावावयाचे, असा त्यांचा दंडक. त्यासाठी त्यांनी रेल्वेच्या इतिहासाची निरनिराळी युगे पाडली आहेत. जर्मनीत चौथा वर्ग १९२८ साली बंद झाला. तेव्हा १९३० ची म्हणून दाखविलेल्या गाडीस चौथ्या वर्गाचा डबा जोडणे म्हणजे असत्य.

हा दंडक मी मुलांस समजावून सांगितला व आम्ही 'डेक्कन क्वीन' निवडली. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिचे दोन संच होते, प्रत्येकी सात डब्यांचे. एक रुपेरी, दुसरा निळ्या रंगावर सोनेरी रेघांचा. डब्यांचे सांगाडे विलायतेहून आले, वरचा भाग माटुंग्याच्या कारखान्यात बांधला गेला. आम्ही निळा संच केला. तो इतका सुरेख साधला की मला अभिमान वाटू लागला.

एके सकाळी पाहतो तो शेवटी आठवा डबा! वर लिहिलेले, 'तिसरा वर्ग.' मी जरा रागानेच विचारले, "हा कोणी लावला? त्या गाडीस पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते." एका मुलाने निमूटपणे डबा काढला आणि हळूच विचारले, "सर, मग माझे पणजोबा कोठे बसले असते?"

मला उत्तर सुचेना. सात डबे मी शंभर वेळा मोजले होते. फलाटावर राहिलेली माणसे एकदाही मोजली नव्हती. आणि ती माझीही माणसे होती.

असो. आठवा डबा आम्ही त्या गाडीस जोडला नाही. तसे करणे खोटे ठरले असते. परंतु शेजारी दुसरी गाडी मांडली, १९५५ ची. त्या वर्षीच्या जून महिन्यात 'डेक्कन क्वीन'ला प्रथमच तिसरा वर्ग मिळाला. एप्रिल १९७४ पासून त्यास दुसरा वर्ग म्हणू लागले. २०२२ साली तिला जे नवे डबे लाभले, त्यांचा आराखडा मूळ जर्मनीचाच, हेही मुलांनी पाटीवर लिहिले.

प्रदर्शनाच्या दिवशी पालक पहिल्या गाडीचे रंग वाखाणीत. दुसरीपाशी मात्र थांबत. तो मुलगा प्रत्येकास एकच सांगत होता, "ही पंचवीस वर्षे उशिरा आली."

विद्यार्थीहो, सत्य सांगताना कोणाला वगळले होते तेही सांगावे, हा पाठ त्या वर्षी गुरूने शिष्यापासून घेतला.